लीले, तेल मी सोडलं होतं

लीले, इकडं ये गं. जवळ बस. तशी दाराला टेकून, एक पाय चपलेत ठेवून उभी राहू नको. दवाखान्याची घाई दवाखान्यात ठेवायची. आधी तुला रागावणार आहे, मग बाकीचं. अंगात ताप असताना गोळी खाऊन वॉर्डात फिरत होतीस, कोण गं तू एवढी शहाणी? लोकांच्या लेकराला कणकण आली तर आयांना दम देत होतीस, "उद्यावर टाकू नका, आजच्या आज घेऊन या." आणि स्वतःचा ताप मात्र उद्यावर, परवावर ढकलत राहिलीस. डेंगू डॉक्टर बघून सोडत नसतो, हे तुला मी सांगायचं का? चौथी शिकलेल्या बाईनं?

झालं. रागावून झालं. जास्त रागवायचा मला हक्क पण नाही.

तुझ्या दवाखान्यात सभा झाली. मोठे मोठे डॉक्टर बोलले. लहान मुलांची डॉक्टर म्हणून तू कशी होतीस, वॉर्ड सांभाळून संशोधन कसं करत होतीस, सगळं सांगितलं त्यांनी. तुझे बाबा चाकूरहून दुकान बंद करून आले होते, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मी मुद्दाम मागं बसले. कुणीतरी माईकवरून म्हणालं, "नांदेडला त्यांच्या आत्याचा मोठा आधार होता." सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, जमीन फाटावी. कारण त्या हॉलमध्ये एकटीला मलाच माहीत होतं की उमरीहून परत आल्यापासून आपण दोघी बोलत नव्हतो. बोलत नव्हतो म्हणजे मी बोलत नव्हते. तू दोनदा फोन केलास. मी उचलला नाही.

तू एम.डी. करायला नांदेडला आलीस आणि माझ्या घरी राहिलीस, तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी तीन वर्षं शिकेल, चाकूरला जाऊन बोर्ड लावेल, भावाचे पांग फेडेल. कसलं काय! शिकणं संपलं, तिथंच नोकरी धरलीस. दवाखान्याजवळ खोली घेतलीस. सकाळी वॉर्ड, दुपारी ओपीडी, आणि सुट्टी मिळाली की पिशवीत कागद घालून कुठल्या तरी गावाला. मी म्हणायची, "लीले, डॉक्टर हायेस का शिरगणतीवाली?" तू हसून माझ्याच ताटातली भाकरी मोडून घ्यायचीस. एकदा मात्र नीट सांगितलंस. म्हणालीस, "आत्या, एक लेकरू समोर असलं की त्याचाच खोकला दिसतो. लई लेकरांचे खोकले एकापुढं एक मांडले की मग दिसतं, हे येतंय कुठून. पण नुसती मांडत बसले तर समोरचं लेकरू खोकतच राहील. मला दोन्ही करायचंय." मी म्हणाले, "दोन्ही करता करता तू वाळून चाललीस." आणि तुझ्या भाकरीवरचं लोणी वाढवलं.

तेव्हा तू एका गोष्टीनं हैराण होतीस. तान्ही लेकरं यायची, खोकला, धाप. इंजेक्शनं द्यायची, थोडं बरं वाटायचं, घरी जायची, परत यायची. फोटोत छातीत सावली तशीच. तुला शंका होती की नाकात तेल घालत असतील, ते श्वासाबरोबर खाली उतरून छातीत बसत असेल. पण आयांना विचारलं की सगळ्या म्हणायच्या, "न्हाई मॅडम, काही घालत न्हाई." तू म्हणायचीस, "आत्या, या माझ्याशी खोटं बोलतात. मला घाबरतात."

तो दिवस तुला आठवतो का? मी डबा घेऊन वॉर्डात आले होते. तू कुठं तरी गुंतलेली. मी एका बाजेवर टेकले. उमरीकडची पोरगी होती, मांडीवर दोन महिन्यांचं लेकरू. उमरी माझं सासर, तेव्हा बोलायला विषय काय कमी? मी विचारलं, "न्हाऊ कोण घालतं गं याला?" म्हणाली, "आमच्या सासूबाई." "आणि तू?" "मी शेकायला बसलेली आसते ना, बाजेखाली शेगडी. न्हाणीतलं मला काय दिसतंय?" सासू बाहेर व्हरांड्यात बसली होती. तिच्याकडं गेले, तंबाखू मळता मळता विचारलं. ती म्हणाली, "घालते की. दोन थेंब नाकात, दोन कानात, मूठभर टाळूवर. तेलाबिगर न्हाणं आसतंय का?"

मी धावत तुझ्याकडं आले. जगज्जेती झाल्यासारखी! म्हणाले, "अगं, त्या पोरी खोटं बोलत न्हाईत. त्यांना माहीतच न्हाई. तू बाळंतिणीला काय विचारतीस? ती बाजेवर आसती, लेकरू न्हाणीत आसतं. ज्या बाईच्या पायावर लेकरू आसतं, ती बाहेर व्हरांड्यात बसती, तुझ्यापुढं येतच न्हाई."

तू ज्या तोंडानं माझ्याकडं बघितलंस, ते तोंड अजून डोळ्यापुढं आहे. आधी त्या लेकराकडं पळालीस, औषध बदललंस, मोठ्या डॉक्टरांना बोलावलंस. मग त्या सासूपाशी जाऊन बसलीस आणि हात जोडून म्हणालीस, "आजी, तुम्ही माझ्या आत्याला जे सांगितलं, ते मी अभ्यासात धरू का? नाव लिहिणार नाही." म्हातारी बिचकली. "न्हाई न्हाई! उद्या लोक म्हणतील, आजीनंच केलं. माझं काही धरू नका." तू "बरं आजी" म्हणून उठलीस. आणि खरंच धरलं नाहीस! मी केवढी भांडले. म्हणाले, "एवढी माहिती काढून आणली आणि तू वाऱ्यावर सोडलीस?" तू म्हणालीस, "वाऱ्यावर कुठं? डॉक्टर म्हणून ऐकलं, लेकराच्या कामाला आलं. पण अभ्यासात घ्यायचं तर तिनं हो म्हणायला पाहिजे. तू तिला न सांगता विचारलंस आत्या, ती चोरी झाली." चोरी! मला चोर म्हणालीस. मी दोन वेळा जेवले नाही. आता वाटतं, तीच एक गोष्ट तू मला शिकवून गेलीस आणि ती शिकायला मी एवढा वेळ लावला.

त्याच रात्री, तुझं जेवण उरकल्यावर, तू हळूच विचारलंस, "आत्या, तू पण घालतीस?"

मी घालतच होते. त्यात लपवायचं काय? सासूच्या हाताखाली उमरीला शिकले. नांदेडला आल्यावर गल्लीतल्या, नात्यातल्या, ओळखीच्या ओळखीच्या कितीतरी बाळंतिणींची लेकरं माझ्या पायावर न्हाली. करडईचं घाण्याचं तेल कोमट करायचं, टाळू भरायची, हातपाय ओढायचे, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, गरम पाणी, मग वावडिंग-ओव्याची धुरी. कधी पैसा घेतला नाही. पण मान घेतला. बारशाला पहिल्या रांगेत बसवायच्या मला. "गिरिजाकाकूच्या हातची लेकरं" म्हणायचे लोक. तुला सुद्धा मीच न्हाऊ घातलं होतं, चाकूरला येऊन, सव्वा महिना. म्हणाले, "घालते की. तुलाबी घातलंय. डॉक्टर झालीस ना? मग इतकी लेकरं जगली कशी?"

तू किती शांतपणे बोललीस गं. "आत्या, जी जगली ती तुला रस्त्यात भेटतात, पाया पडतात. ज्यांना त्रास झाला, ती कुठं भेटतात? लेकरू बिमार पडलं की न्हाणं बंद होतं. तुला बोलावणं येत नाही. का येत नाही, हे कोण सांगायला येतं? सगळ्यांनाच होतं असं नाही. पण कुणाला होईल हे तेल घालताना तुला कळतं का?"

मी म्हणाले, "उद्या म्हणशील, भाकरीनंबी माणूस मरतो." तुझं ताट उचललं आणि आत गेले.

पण लीले, त्यानंतर मी तेल सोडलं.

हे तुला कधीच सांगितलं नाही. वॉर्डातल्या त्या लेकराची छाती मी बघितली होती, फासळ्या कशा आत ओढल्या जात होत्या. पुढच्या न्हाणाला बसले, तेलात बोट बुडवलं, नाकापाशी नेलं आणि नाही टाकता आलं. बाकी सगळं केलं, नाकात आणि कानात नाही. कुणाला कळू दिलं नाही. लेकराची आजी शेजारी असली तर बोट नुसतंच नाकावरून फिरवायची, घातल्यासारखं. किती लबाड बघ मी! तुझं ऐकलं, पण तुला जिंकू दिलं नाही. तू समोर आलीस की तोच वाद काढायची, "आमच्या काळात असं नव्हतं." तू कंटाळून म्हणायचीस, "आत्या, तुला पटवलं की मला सगळा जिल्हा पटवल्यासारखं होईल." मला पटवलेलं होतंस गं तू. कधीचंच.

आणि मग उमरी.

तू म्हणालीस, "मला आता आयांना नाही, न्हाऊ घालणाऱ्या बायकांना भेटायचंय. तू नुसती सोबत ये. तुझी माणसं आहेत, तुझ्यामुळं बसतील." मी नटून आले. देवळासमोरच्या पारावर बायका जमल्या. तू फोटो दाखवलास, छाती कशी दिसते, सावली कशी दिसते. कुणावर बोट ठेवलं नाहीस. म्हणालीस, "तुमच्या हातात माया आहे, ती राहू द्या, मालिश राहू द्या. फक्त नाकातलं तेल सोडा." तेवढ्यात सुभद्राबाई बोलली. माझ्याच वयाची, गावातली नावाजलेली न्हाणारी. ती तुला नाही, मला बोलली. "ते आसू द्या डॉक्टरीणबाई. गिरिजाबाई, तुम्ही सांगा. तुमच्या सासूनं तुम्हाला शिकवलं, तिनंच मला शिकवलं. माझी लेक नांदेडला होती तवा तिची दोन्ही लेकरं तुम्हीच न्हाऊ घातली. तवा घातलं ते खोटं का? तुम्ही घालता का न्हाई, एवढं सांगा."

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. तू पण बघितलंस. तुझ्या डोळ्यात आशा होती, मला दिसली. एकच वाक्य बोलायचं होतं: मी सोडलंय. पण सुभद्राची लेक तिथंच बसली होती, पदरात हात गुंडाळून. सोडलंय म्हणाले असते तर तिनं विचारलं असतं, मग माझ्या लेकरांच्या नाकात काय घातलंत? सासूचं नाव गेलं असतं. माझं नाव गेलं असतं. माझ्या तोंडातून निघालं, "अगं, ही पोरगी डॉक्टर हाय, पण हिच्या मांडीवर कधी लेकरू खेळलंय का? तिला न्हाणीतलं काय मालूम!"

केवढ्या हसल्या बायका. सुभद्रा टाळी देऊन हसली. आणि तू पण हसलीस. सगळ्यांबरोबर. मग कागद गोळा केलेस, "पाणी मिळेल का" म्हणालीस.

तुझं लग्न जमून मोडलं होतं, त्यानंतर तू तो विषय काढू देत नव्हतीस, हे मला सोडून कुणाला माहीत होतं? कुठं दुखतं ते मला माहीत होतं, म्हणूनच बोट बरोबर तिथं गेलं. परत येताना जीपमध्ये तू खिडकीतून कापसाची शेतं बघत होतीस. घरापाशी उतरताना म्हणालीस, "आत्या, गुडघ्याला तेल लाव, बसून दुखले असतील." तू चिडली असतीस तर मी लगेच रडून मोकळी झाले असते. तू गुडघ्याचं विचारलंस आणि मी तोंडाला कुलूप लावून घेतलं. तुझे फोन आले. मला वाटायचं, आता जाब विचारेल. म्हणून उचलले नाहीत.

मग तुझ्या बाबांचा फोन आला, "लीलाला ताप आहे म्हणते, बघून ये." मी म्हणाले, "पोरगी डॉक्टर आहे, मी काय बघू?" तरी हुलग्याचं माडगं शिजवलं, तुला आजारपणात तेच लागायचं. डब्यात भरलं, झाकण लावलं आणि ओट्यावर ठेवून बसले. म्हणाले, तिनं फोन केला तर जाईन. बघ म्हणजे, तू दोनदा केलेला फोन मी उचलला नाही, आणि तिसऱ्याची वाट बघत होते. सकाळी खबर आली, तुला अतिदक्षता विभागात हलवलंय.

मला आत सोडलं होतं. तू जागी होतीस. तोंडावर मास्क. बोटं हलवलीस. मी तुझा हात धरला आणि काय म्हणाले माहीत आहे? "बोलू नको. बरी हो, मग भांडू." सांगता आलं असतं गं. मशिनीचा टुकटुक आवाज, नर्स घाईत, मला वाटलं, अशा वेळी तेलाचं काय काढायचं? घरी आल्यावर निवांत सांगू. तू डोळे मिटलेस. ते तुला पटलं म्हणून, का थकलीस म्हणून, मला कळलं नाही.

चाकूरला तुझ्या शेवटच्या अंघोळीला बायका म्हणाल्या, "आत्याबाई, तुम्ही पुढं व्हा, तुमच्या हातची पोरगी." मी उठले नाही. अंगणात जात्याजवळ बसून राहिले. आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुला विभूती लावली, शेतात समाधीच्या खड्ड्यात बसवलं, सगळं लांबून बघितलं. पुढं जायला पाय उचलला नाही.

मागल्या आठवड्यात उमरीला गेले. एकटीच, बसनं. सुभद्राच्या घरी. तिनं मला बघून पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "त्या दिवशी आमी लई हसलो, गिरिजाबाई." मी म्हणाले, "मी हसवलं म्हणून हसलात." मग आजूबाजूच्या बायकांना बोलावलं, तिच्या लेकीलासुद्धा, आणि सांगितलं, "मी नाकात तेल घालायचं कधीच सोडलंय. त्या दिवशीबी सोडलेलंच होतं. तुमच्यापुढं कबूल करायला लाज वाटली, म्हणून माझ्या पोरीची लाज काढली."

मग सुभद्रा म्हणाली, "आन् नाक चोंदलं तर?"

"दवाखान्यात मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. ते विचारून आणायचे. आणि नाक चोंदून लेकरू दूध सोडत असंल, धाप लागत असंल, तर तसंच उचलून न्यायचं."

"बोलायला सोपं हाय. हाताला सवय आसती."

तिच्या नातसुनेचं लेकरू होतं घरात. तिनं ते आणून माझ्या पायावर ठेवलं. म्हणाली, "घाला न्हाऊ. आमी बघतो." मी घातलं. टाळू भरली नाही, नुसता हात फिरवला. मालिश केलं. आणि खरं सांगते, सगळ्या बघत असताना माझं बोट आपोआप तेलात गेलं आणि नाकाकडं वळलं. थांबले. बोट लुगड्याला पुसलं.

"गेलंच हुतं बघा बोट तुमचं," सुभद्रा म्हणाली.

"गेलं होतं."

"माजंबी जाईल."

"जाईल. तवा पूस."

एक म्हातारी कुरकुरत उठून गेली. तिला पटलं नाही. सुभद्राची लेक मात्र शेवटपर्यंत बसली. निघताना तिनं एवढंच विचारलं, "काकू, तुमच्या हातचं एकांदं लेकरू गेलं का हो कधी?"

मी म्हणाले, "माहीत न्हाई बाई."

लीले, तेव्हापासून मला एक घर आठवायला लागलंय. इथंच, नांदेडला, नदीकडच्या गल्लीत. मुलगी होती, काळीभोर, माझ्या पायावर हसायची. अर्धा महिना न्हाणं झालं आणि एक दिवस निरोप आला, "उद्यापासून येऊ नका." मला राग आला होता, म्हटलं, दुसरी बाई लावली असेल. नंतर त्या दारावरून मी मान वळवून जायची. कधी विचारलं नाही. ते लोक अजून तिथंच राहतात. मुलगी असेल तर शाळेत जात असेल. असेल तर.

मला त्या घरी जायचंय. विचारायचंय. पण तंबाखू मळत, गप्पा मारत काढून घ्यायचं नाही. आधी सांगायचं, मी कोण, का विचारते, आणि तुम्ही नाही म्हणालात तर उठून जाईन. हे तुला येतं, मला येत नाही. दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले. गेलेल्या माणसाला हाक मारू नये म्हणतात सगळे. म्हणू देत. मला एकटीनं ते दार वाजवता येईना झालंय. तू ये लीले. काही बोलू नको, नुसती शेजारी उभी राहा. लवकर ये.